‘दळण आणणे’ ही ओळ जाते कुठे? जँगोमध्ये कामांची यादी बांधताना

वेब प्रोग्रॅमिंग शिकायला घेतलं की ‘आधी एक टू-डू लिस्ट करून बघा’ असा सल्ला हमखास मिळतो. एक चौकोन, त्यात काम लिहायचं, बटण दाबलं की ते खालच्या यादीत येतं, झालं की खूण करायची, नको असेल तर काढून टाकायचं. दिसायला एवढंसंच. पण नोंद करणं, वाचणं, बदलणं आणि पुसणं या चार क्रिया नीट समजल्या, तर दवाखान्याच्या अपॉइंटमेंट, सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब, वाचनालयाची देवघेव या सगळ्यांच्या तळाशी त्याच चार क्रिया दिसायला लागतात. जावास्क्रिप्टवाल्यांनी तर ‘टूडूएमव्हीसी’ नावाचा प्रकल्पच केला आहे. त्यात कामांची तीच यादी निरनिराळ्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे वेबसाइट बांधायच्या तयार सांगाड्यांमध्ये, बांधून शेजारीशेजारी ठेवली आहे, म्हणजे त्यांची तुलना करता येते.

अडचण अशी होते की बरेच जण कोड उतरवून घेतात, यादी चालूही होते, पण ‘दळण आणणे’ लिहून बटण दाबल्यावर ती ओळ कुठे गेली, कोणी ठेवून घेतली आणि पान पुन्हा उघडल्यावर कुठून परत आली, हे त्यांना सांगता येत नाही. म्हणून इथे आपण त्या एका ओळीच्या मागेमागे जाऊ. फ्रेमवर्क म्हणून पायथन भाषेतलं जँगो घेऊ. रेल्स, लाराव्हेल किंवा आणखी काही घेतलं तरी वाटेवरची ठिकाणं बहुतेक तीच असतात.

सुरुवातीला एक गोष्ट पक्की करावी लागते. ब्राउझर आणि सर्व्हर यांचं बोलणं ज्या नियमांनी चालतं ते एचटीटीपी मुळातच विसरभोळं आहे. ब्राउझर एक विनंती पाठवतो, सर्व्हर एक उत्तर देतो, आणि व्यवहार संपतो. पुढची विनंती आली की सर्व्हरच्या दृष्टीने पाटी कोरी. त्यामुळे वेबवरची यादी कुठे मांडून ठेवलेली नसते. तुम्ही पान उघडता तेव्हा ती दर वेळी नव्याने तयार होते: कोण विचारतंय ते बघायचं, डेटाबेसमधून ओळी काढायच्या, त्यांचं एचटीएमएल (ब्राउझरला समजणाऱ्या भाषेतलं पान) बनवायचं, पाठवायचं, विसरून जायचं. कामं लक्षात ठेवायची जबाबदारी डेटाबेसची आणि तुम्ही कोण ते आठवण्याची जबाबदारी कुकीची, म्हणजे ब्राउझर दर विनंतीबरोबर पाठवतो त्या छोट्या चिठ्ठीची. नवशिके अनेकदा पायथनच्या फाइलमध्ये वरच एक साधी लिस्ट करून त्यात कामं घालतात. चार वेळा चालतं, सर्व्हर पुन्हा सुरू केला की सगळं गायब. असं का झालं हे कळलं की डेटाबेस कशाला हवा, हा प्रश्न उरत नाही.

मग फ्रेमवर्क काय करतं? विनंती वाचणं, पत्ता ओळखणं, डेटाबेसशी बोलणं, लॉगिन सांभाळणं, फॉर्म तपासणं ही कामं प्रत्येक वेबसाइटला लागतात. ती कोणीतरी एकदा, नीट, अनेकांकडून तपासून घेऊन लिहून ठेवलेली असतात. तुमच्या साइटचं वेगळेपण जिथे आहे तेवढाच भाग तुम्ही लिहायचा. जँगोचा जन्मही याच गरजेतून झाला. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं गाव आहे. तिथल्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वृत्तपत्रात २००३ च्या सुमारास एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन हे दोघे काम करत होते. बातमीदारीत आज सुचलेली गोष्ट उद्या लोकांसमोर लागते, तेव्हा दर वेळी सगळं पहिल्यापासून लिहिणं परवडण्यासारखं नव्हतं. त्यांनी जो सामायिक पाया तयार केला तो जुलै २००५ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचं नाव त्याला दिलं.

वृत्तपत्रातलं ते बालपण आजही जाणवतं. जँगोबरोबर एक तयार ॲडमिन पॅनल मिळतं. संपादकाने कोड न बघता मजकूर भरावा यासाठीची ही सोय तुमच्या टू-डू यादीलाही फुकटात मिळते. एका ओळीत आपलं मॉडेल (कामाची रचना सांगणारा कोड, तो पुढे येईलच) तिथे नोंदवलं की कामं घालता येतात, बदलता येतात, पुसता येतात. एकही पान बांधायच्या आधी! माझा आग्रह असा की यादीचं पान करण्यापूर्वी ॲडमिनमध्ये पाचसहा कामं घालून बघावीत. डेटा कसा दिसतो ते आधी डोळ्यांनी पाहिलं की पुढचं सगळं सोपं जातं.

सुरुवातीची मांडामांड पटकन सांगतो. प्रकल्पासाठी वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंट करायचं, म्हणजे या प्रकल्पाच्या लायब्ररी दुसऱ्याच्या लायब्ररींत मिसळत नाहीत. त्यात पिप (पायथनच्या लायब्ररी उतरवून घेणारा प्रोग्रॅम) वापरून जँगो घ्यायचं. ‘स्टार्टप्रोजेक्ट’ या आज्ञेने प्रकल्प, ‘स्टार्टॲप’ने त्यातलं ॲप. नवं ॲप सेटिंग्जच्या फाइलमधल्या यादीत नोंदवायचं, हे विसरलं तर जँगोला ते दिसतच नाही. ‘रनसर्व्हर’ म्हटलं की आपल्याच संगणकावर ८००० क्रमांकाच्या पोर्टवर साइट सुरू होते.

काम म्हणजे नेमकं काय?

खरा विचार इथे सुरू होतो. ‘काम’ या गोष्टीत काय काय असतं ते पायथनच्या एका क्लासमध्ये लिहायचं. त्याला मॉडेल म्हणतात. आपल्याला चार रकाने पुरतात: कामाचं शीर्षक, ते झालं की नाही, कधी नोंदवलं आणि कोणाचं आहे. या क्लासवरून जँगो डेटाबेसमध्ये एक तक्ता बनवतं. क्लास म्हणजे तक्ता, त्यातलं प्रत्येक फील्ड म्हणजे रकाना, आणि ‘दळण आणणे’ ही त्या तक्त्यातली एक आडवी ओळ. ‘न झालेली सगळी कामं दे’ असं तुम्ही पायथनमध्ये म्हणता आणि त्याची एसक्यूएल भाषेतली मागणी जँगो तयार करतं. या मधल्या दुभाष्याला ओआरएम म्हणतात. सुरुवातीला डेटाबेस म्हणून एसक्यूलाइट मिळतो. त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही, सगळा डेटा प्रकल्पाच्या फोल्डरमधल्या एका फाइलमध्ये असतो.

मराठीत कामं लिहिणार असाल तर शीर्षकाची कमाल लांबी ठरवताना थोडं थांबा. ‘इस्त्री’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरी दिसतो. संगणकाच्या हिशेबी तो सात चिन्हांचा आहे: इ, स, हलन्त, त, पुन्हा हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. जँगो मर्यादा मोजतं ती या चिन्हांत. युटीएफ-८ मध्ये साठवताना यातल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, तो हिशेब आणखी निराळा. म्हणून इंग्रजी उदाहरणातली पन्नासची मर्यादा जशीच्या तशी उचलली तर मराठी माणसाचं वाक्य अर्ध्यातच अडतं. दोनशे ठेवा, काही बिघडत नाही. शोधाची सोय करणार असाल तर आणखी एक बारकावा. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ‘ऱ’ एकाच चिन्हाने लिहिता येतो, किंवा साध्या ‘र’ला नुक्ता जोडूनही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणक त्यांना वेगळे मानतो आणि शोध रिकामा परत येतो. पायथनमध्ये युनिकोडचं प्रमाणीकरण करणारं मॉड्यूल तयार आहे. साठवण्यापूर्वी आणि शोधण्यापूर्वी मजकूर त्यातून काढला की हा घोळ मिटतो. परदेशी शिकवण्यांमध्ये हे सापडत नाही, कारण ती उदाहरणं लिहिणाऱ्यांना ही अडचण कधी आलेलीच नसते. आपल्या वापरणाऱ्यांना ती पहिल्या दिवशी येते.

वेळेचंही तसंच. नव्या प्रकल्पात जँगो यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ धरतं, ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. सेटिंग्जमध्ये आशिया/कोलकाता असं लिहिलं नाही, तर रात्री साडेबारा वाजता नोंदवलेलं काम पडद्यावर आदल्या दिवशी संध्याकाळी सातचं दिसेल. ‘आजची कामं’ असा भाग केला असेल तर तो रोज पहाटे साडेपाचपर्यंत चुकीचा. डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीतच राहू द्या, ते योग्य आहे. दाखवताना आपली वेळ हवी.

मॉडेल लिहून झालं म्हणजे तक्ता तयार झाला असं नाही. मधे मायग्रेशन नावाची पायरी आहे आणि तीच अनेकांना कोड्यात टाकते. सातबारा उतारा जमिनीची आजची स्थिती दाखवतो, आणि ती स्थिती कशी आली हे फेरफार नोंदी क्रमाने सांगतात. मॉडेल आणि मायग्रेशन यांचं नातं तसंच आहे. मॉडेलची फाइल म्हणजे आजचा उतारा. ‘मेकमायग्रेशन्स’ ही आज्ञा मॉडेलमध्ये काय बदललं ते बघून एक क्रमांकित फेरफार लिहिते, आणि ‘मायग्रेट’ तो डेटाबेसमध्ये प्रत्यक्ष उतरवते. या फाइली हाताने पुसू नका आणि कोडबरोबर गिटमध्ये (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ठेवा. दुसऱ्या संगणकावर तोच डेटाबेस पहिल्यापासून उभा करायचा तर हा क्रमच उपयोगी पडतो. जँगोमध्ये हे सुरुवातीपासून नव्हतं. अँड्र्यू गॉडविन यांनी ‘साउथ’ नावाची वेगळी लायब्ररी लिहिली होती, आणि त्यांनीच २०१४ साली, १.७ या आवृत्तीत, ही सोय जँगोच्या आत आणली.

समजा ‘मालक’ हा रकाना तुम्ही सुरुवातीला ठेवला नाही आणि वीस कामं घातल्यावर जोडायला गेलात. तेव्हा ‘मेकमायग्रेशन्स’ अडून बसते आणि विचारते, जुन्या ओळींत या रकान्यात काय भरू? संदेश बघून घाबरायला होतं, पण प्रश्न अगदी रास्त आहे. त्या वीस कामांचा मालक कोण हे जँगोला कसं ठाऊक असणार? ते तुम्हीच सांगायचं. मालकाचा रकाना लिहिताना आणखी एक गोष्ट ठरवावी लागते: उद्या ते खातंच पुसलं गेलं तर त्याच्या कामांचं काय? २.० या आवृत्तीपासून हे उत्तर दिल्याशिवाय जँगो पुढे जाऊच देत नाही. अशा ठिकाणी मला हे फ्रेमवर्क आवडतं. जे प्रश्न आपण टाळले असते ते ते आपल्याला वेळेवर विचारतं.

बटण दाबल्यावर

आता ओळीचा प्रवास. तुम्ही चौकोनात ‘दळण आणणे’ लिहून ‘जोडा’ दाबता. ब्राउझर त्या मजकुराची विनंती बनवून सर्व्हरकडे पाठवतो. जँगो आधी पत्ता बघतं. पत्त्यांची एक यादी तुम्ही लिहून ठेवलेली असते: या पत्त्यावर आलेली विनंती या फंक्शनकडे. त्या फंक्शनला व्ह्यू म्हणतात. व्ह्यू मजकूर फॉर्मकडून तपासून घेतो. शीर्षक रिकामं तर नाही? लांबी जास्त तर नाही? ठीक असेल तर ओळ डेटाबेसमध्ये जाते. यादी दाखवायची वेळ येते तेव्हा दुसरा व्ह्यू ओळी काढून टेम्प्लेटकडे देतो, आणि टेम्प्लेट त्यांचं एचटीएमएल करतं. पत्ता, व्ह्यू, मॉडेल, टेम्प्लेट: जँगोमधलं बाकी सगळं या चौघांच्या अवतीभवती आहे. क्लास वापरून व्ह्यू लिहायचे तयार प्रकार जँगोमध्ये भरपूर आहेत आणि त्यांनी कोड बराच कमी होतो. पण पहिल्या प्रकल्पात साधी फंक्शनच लिहावीत असं मला ठामपणे वाटतं. तयार क्लासमध्ये नेमकं जे शिकायचं तेच आत झाकलेलं असतं.

विनंत्यांचे दोन मुख्य प्रकार इथे वेगळे करायला हवेत. ‘गेट’ म्हणजे फक्त बघायला मागणं आणि ‘पोस्ट’ म्हणजे काहीतरी बदलायला सांगणं. गेट विनंतीने सर्व्हरवर काही बदलू नये, हा वेबचा जुना करार आहे. तो मोडला तर काय होतं, याचा धडा २००५ साली मिळाला. गुगलने वेब ॲक्सिलरेटर नावाचा प्रोग्रॅम आणला होता. पानं पटकन उघडावीत म्हणून तो पानावरच्या दुव्यांवर आपणहून आधीच जाऊन यायचा. अनेक वेब ॲपमध्ये ‘डिलीट’ हा साधा दुवाच होता. त्या प्रोग्रॅमला डिलीट आणि मदतीचं पान यांतला फरक कळण्याचं कारण नव्हतं. तो सगळ्या दुव्यांवर गेला आणि लोकांच्या नोंदी पुसल्या गेल्या. म्हणून आपल्या यादीत ‘काढून टाका’ आणि ‘झालं’ या दोन्ही गोष्टी छोट्या फॉर्मच्या बटणांनी, पोस्टने करायच्या. दुवा ठेवायचा नाही. जँगोने स्वतःच्या बाबतीतही हा नियम कडक केला आहे: ५.० आवृत्तीपासून तयार लॉगआउट व्ह्यू गेट विनंती स्वीकारत नाही. जुनी शिकवणी बघून लॉगआउटचा दुवा केलात आणि ४०५ क्रमांकाची चूक आली, तर कारण हे आहे.

पोस्टच्या फॉर्ममध्ये जँगो सीएसआरएफ टोकन मागतं. ते घातलं नाही तर ४०३ दाखवून विनंती परत पाठवतं, आणि वैतागलेले विद्यार्थी इंटरनेटवर बघून ही तपासणीच बंद करून टाकतात. कृपा करून तसं करू नका. तुम्ही आपल्या यादीत लॉगिन केलेलं असताना दुसऱ्या टॅबमध्ये एखादी लबाड साइट उघडली, आणि तिने लपवलेला फॉर्म तुमच्या यादीच्या पत्त्यावर पाठवला, तर काही परिस्थितींत ब्राउझर त्याबरोबर तुमची कुकीही पाठवतो. सर्व्हरला वाटतं विनंती तुमचीच. टोकन हे खास तुमच्या फॉर्ममध्ये ठेवलेलं गुपित आहे. लबाड साइटला ते वाचता येत नाही, त्यामुळे तिची विनंती तिथेच अडते. हे सगळं संरक्षण टेम्प्लेटमधल्या एका छोट्या टॅगमध्ये मिळतं.

ओळ साठवल्यावर व्ह्यूने लगेच यादीचं पान पाठवू नये. त्याऐवजी ‘आता या पत्त्यावर जा’ असा ३०२ चा निरोप पाठवावा, मग ब्राउझर गेट करून यादी मागवतो. हा वळसा उगाच वाटतो. पण तो नसेल आणि वापरणाऱ्याने पान रिफ्रेश केलं, तर ब्राउझर तोच फॉर्म पुन्हा पाठवायला निघतो आणि दळण दोनदा आणावं लागतं. टू-डू यादीत हे खपून जाईल, पैसे भरायच्या पानावर नाही. सवय आत्ताच लागलेली बरी.

टेम्प्लेट आणखी एक काम गुपचूप करतं. कोणी कामाच्या जागी जावास्क्रिप्टचा तुकडा लिहिला, तर जँगो त्यातली कंसाची चिन्हं निरुपद्रवी करून छापतं. तुकडा पडद्यावर मजकूर म्हणून दिसतो, चालत नाही. डेटाबेसकडे जाणारा मजकूरही ओआरएम वेगळा करून पाठवतं, त्यामुळे शीर्षकात एसक्यूएलची आज्ञा लिहून तक्ता उडवण्याचा डाव फसतो. या दोन्ही सोयी मुद्दाम बंद करता येतात, आणि तसं करायला सांगणारं उत्तर कुठे दिसलं तर दोनदा विचार करावा.

कोणाचं काम कोणाला दिसावं?

इतकं सगळं सांभाळणारं फ्रेमवर्क एका ठिकाणी हात वर करतं, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकल्पातली हीच सर्वांत महत्त्वाची जागा आहे. प्रत्येक ओळीला डेटाबेसमध्ये क्रमांक मिळतो. तुमचं दळण १७ क्रमांकाचं असेल, तर ते काढून टाकायचा पत्ता ‘काम/१७/काढा’ असा काहीतरी होतो. विनंती करणारा लॉगिन केलेला आहे ना, एवढं तपासून व्ह्यूने १७ क्रमांकाची ओळ पुसली, तर काय होईल? दुसरा कोणीही आपल्या खात्यातून लॉगिन करून १७ च्या जागी १८, १९, २० घालत जाईल आणि सगळ्यांची कामं पुसेल. यादीच्या पानावर दुसऱ्यांची कामं दिसत नाहीत, म्हणून ती सुरक्षित आहेत असं वाटत राहतं. पण पत्ता हाताने लिहायला कोणाची हरकत असते?

उपाय फार छोटा आहे. ‘१७ क्रमांकाचं काम दे’ असं न म्हणता ‘१७ क्रमांकाचं आणि या माणसाचं काम दे, नसेल तर ४०४ (‘सापडलं नाही’ हे उत्तर)’ असं म्हणायचं. जँगोमध्ये त्यासाठी तयार फंक्शन आहे, त्यात मालकाची एक अट जोडायची. बघणं, बदलणं, पुसणं, तिन्ही ठिकाणी. नवं काम जोडतानाही मालक कोण हे फॉर्ममधून येऊ द्यायचं नाही, लॉगिनवरून व्ह्यूनेच भरायचं. जँगोला हे स्वतःहून करता येत नाही, कारण काम खासगी आहे की घरातल्या सर्वांचं मिळून एक आहे, हा निर्णय तुमचा. जगभरातल्या मोठमोठ्या साइटवर डेटा उघडा पडण्याच्या घटनांत ही उणीव वारंवार सापडते, आणि ती शिकायला टू-डू यादीपेक्षा चांगली जागा नाही.

नुसतं डोळ्यांनी तपासू नका, टेस्ट लिहा. जँगोमध्ये खोटा ब्राउझर आणि तात्पुरता डेटाबेस तयार मिळतो. टेस्टमध्ये दोन खाती करायची, पहिल्याच्या नावावर एक काम घालायचं, दुसऱ्याने लॉगिन करून ते पुसायचा प्रयत्न करायचा. उत्तर ४०४ यायला हवं आणि काम जागेवर असायला हवं. दहाबारा ओळींत होतं. उद्या तुम्ही व्ह्यू बदलताना मालकाची अट विसरलात तर ही टेस्ट लगेच लाल होते.

साइट लोकांसाठी लावायची असेल तर तीन गोष्टी बघाव्या लागतात. सेटिंग्जमधला ‘डीबग’ बंद करा, नाहीतर चूक झाली की तुमच्या कोडचे तुकडे आणि आतली माहिती कोणालाही पानावर दिसते. ‘सीक्रेट की’ (जँगोची गुप्त किल्ली) कोडमध्ये ठेवून गिटवर चढवू नका, ती सर्व्हरच्या एन्व्हायरन्मेंटमधून घ्या. आणि जिथे साइट लावणार तिथली डिस्क टिकाऊ आहे का ते आधी विचारा. बऱ्याच होस्टिंग सेवांमध्ये नवी आवृत्ती चढवली की जुन्या फाइली पुसल्या जातात. एसक्यूलाइटचा डेटा तर एका फाइलमध्येच असतो, म्हणजे कोडमधला एक शब्द सुधारायला गेलात की सगळ्यांच्या याद्या कोऱ्या. अशा ठिकाणी पोस्टग्रेससारखा वेगळा डेटाबेस घ्यावा. मॉडेल, व्ह्यू आणि टेम्प्लेट तसेच राहतात. सेटिंग्जमधला डेटाबेसचा पत्ता बदलायचा, पोस्टग्रेसशी बोलणारी लायब्ररी घालायची आणि ‘मायग्रेट’ पुन्हा चालवायचं.